भाचीच्या पार्लरमधलं स्टेम सेल सीरम

माझी भाची हुबळीत विद्यानगरला ब्युटी पार्लर चालवते. लग्नसराईच्या तोंडावर तिच्याकडे कंपन्यांचे एजंट हटकून येतात. यंदा आलेल्याने टेबलावर एक निळी काचेची बाटली ठेवली. तीस मिलिलिटर, छापील किंमत ४,२०० रुपये, नाव 'स्टेम सेल सीरम'. सफरचंदाच्या मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, त्वचेत शिरतात आणि थकलेल्या पेशींना पुन्हा तरुण करतात, असं त्याचं म्हणणं. भाचीने माल घेतला नाही, पण नाही असंही सांगितलं नाही. रविवारी चिगरी बसने ती धारवाडला माळमड्डीला आली आणि नमुन्याची बाटली माझ्यापुढे ठेवली.

"मावशी, तू इतकी वर्षं झाडांच्या पेशी वाढवल्यास. यातलं खरं किती तेवढं सांग. बायका विचारतात, मला तोंड उघडता येत नाही."

धारवाडच्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवत असे आणि टिश्यू कल्चरची छोटी प्रयोगशाळा माझ्याकडे होती. त्वचेची डॉक्टर मी नव्हे. पण सफरचंदाच्या पेशीचं बाटलीत काय होतं, हा प्रश्न माझ्याच वाटेवरचा होता. म्हणून आधी भिंग काढलं आणि लेबल वाचलं.

सौंदर्यप्रसाधनाच्या लेबलावर घटक उतरत्या क्रमाने लिहितात. ज्याचं प्रमाण जास्त ते आधी. एक टक्क्याच्या खालचे घटक मात्र कसेही मागेपुढे चालतात. या यादीत पहिलं पाणी, मग ग्लिसरीन, मग दोन-तीन तेलकट पदार्थ, पुढे फिनॉक्सिइथेनॉल आणि त्याच्याही मागे 'मॅलस डोमेस्टिका फ्रूट सेल कल्चर एक्स्ट्रॅक्ट'. फिनॉक्सिइथेनॉल म्हणजे माल नासू नये म्हणून घातलेलं रसायन; ते एक टक्क्यापेक्षा जास्त वापरत नाहीत. म्हणजे ज्याच्या नावावर बाटली विकायची ते सफरचंद फार तर एक टक्का. शेवटचा शब्दही बघायला हवा, एक्स्ट्रॅक्ट. अर्क. पेशी नव्हेत.

टिश्यू कल्चर म्हणजे काय ते थोडं सांगते, कारण या धंद्याची सगळी मेख तिथे आहे. झाडाला जखम झाली की त्या जागी पेशी भराभर वाढून एक गाठ तयार होते, तिला कॅलस म्हणतात. हीच गाठ काचेच्या बाटलीत वाढवता येते. आम्ही मुलांना गाजरावर शिकवायचो. गाजराची चकती निर्जंतुक करायची, स्पिरिटच्या दिव्यावर तापवलेल्या चिमट्याने उचलायची आणि आगरच्या लगद्यावर ठेवायची. लगद्यात साखर, क्षार, जीवनसत्त्वं आणि थोडी संप्रेरकं. त्या मिश्रणाची सर्वात जास्त चालणारी कृती मुराशिगे आणि स्कूग या दोघांनी १९६२ साली तंबाखूच्या पेशींसाठी बसवली. (तंबाखूवाल्या निपाणीकरांनी अभिमान बाळगायला हरकत नाही.) काही आठवड्यांत चकतीच्या कडेला पिवळसर, भुसभुशीत गोळा दिसू लागतो. त्यातल्या पेशींना अजून पान व्हायचं की मूळ, हे ठरलेलं नसतं; बाटलीवरच्या 'स्टेम सेल' त्या याच. संप्रेरकांचं प्रमाण बदललं की त्याच गोळ्याला कोंब फुटतात. इथल्या कृषी विद्यापीठाच्या परिसरात टिश्यू कल्चरची केळी बघितलेल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने तर १९९० साली बाटलीतल्या बांबूला फुलं आणून दाखवली होती. एरवी बांबू फुलायला कित्येक दशकं लागतात.

आता या पेशींचे नखरे ऐका. आमच्याकडे ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर सगळं उकडून काढलेलं असायचं, हवा गाळून आत सोडणाऱ्या पेटीत हात घालून काम चालायचं, तरी एखाद्या मुलाने नाकावरचा रुमाल खाली केला की चार दिवसांत बाटलीत काळी बुरशी. तापमान पंचवीस अंशांच्या आसपास लागतं. ठरल्या मुदतीने नवा लगदा द्यावा लागतो, नाहीतर गोळा तपकिरी पडून मरतो. पेशी वर्षानुवर्षं जिवंत ठेवायच्या तर द्रवरूप नायट्रोजन हवा, उणे १९६ अंशांवर. आणि ही बाटली हुबळीच्या मे महिन्यात पार्लरच्या कपाटात दोन वर्षं टिकते म्हणे! जंतू मारायला घातलेलं रसायन त्याच बाटलीत आहे, ते पेशींना बरं सोडेल?

बाटलीत जिवंत पेशी नाहीत, हे कंपन्या लपवतही नाहीत. सफरचंदाच्या पेशी मोठ्या टाक्यांत वाढवून जोराच्या दाबाखाली फोडतात आणि त्यातून निघालेला रस चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत बांधून क्रीममध्ये घालतात. या प्रकाराचा बोलबाला झाला तो स्वित्झर्लंडच्या मिबेल कंपनीमुळे. उटविलर श्पेटलाउबर या दुर्मिळ जुन्या जातीच्या सफरचंदाचा अर्क त्यांनी २००८ साली बाजारात आणला. हे फळ झाडावरून उतरवल्यावर बरेच महिने सुरकुतत नाही. न सुरकुतणाऱ्या फळाचा रस लावा आणि तुम्हीही सुरकुतू नका, असा तो तर्क. जाहिरातवाल्याला एवढं पुरतं.

कंपनीने एक चाचणीही केली. ३७ ते ६४ वयाच्या वीस जणींनी चार आठवडे दिवसातून दोनदा क्रीम लावलं आणि डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यांची खोली पंधरा टक्क्यांनी घटली, असा निष्कर्ष निघाला. एजंटाच्या कागदावर तो 'वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध' या नावाने आला होता. वीस बायका, एक महिना, आणि मोजणारी कंपनी तीच जी विकणार. त्यातही ग्लिसरीन असलेलं कुठलंही बरं क्रीम महिनाभर नेमाने लावलं तर त्वचा पाणी धरून फुगते आणि बारीक सुरकुत्या उथळ दिसतात. यात सफरचंदाचा वाटा किती, हे कळायला तेच क्रीम सफरचंदाशिवाय तेवढ्याच बायकांना द्यायला हवं, कुणाला काय दिलं ते लावणारीला आणि मोजणाऱ्यालाही कळू न देता, आणि शेकड्यांनी माणसं घेऊन.

शिवाय आत शिरायचं कसं? आपल्या त्वचेचा सर्वात वरचा थर मृत पेशींचा, चेहऱ्यावर केसाच्या जाडीपेक्षाही पातळ, पण पहाऱ्याला पक्का. रेणूचं वजन डाल्टनमध्ये मोजतात; साधारण पाचशे डाल्टनपेक्षा जड रेणू धड त्वचेतून आत जात नाहीत, हा औषधशास्त्रातला ठोकताळा आहे. पेशींच्या वाढीला चालना देणारी प्रथिनं हजारो डाल्टनची आणि कोलॅजन तीन लाखांच्या घरातलं. अख्खी जिवंत पेशी या थरातून आत जाणं म्हणजे दाराच्या फटीतून धारवाडी म्हैस ढकलण्यासारखं आहे. आणि समजा गेलीच, तर सफरचंदाच्या पेशीला माणसाच्या कातडीत करायचं काय? तिला पान फुटेल, फार तर मूळ.

तेव्हा सीरमबद्दल माझं मत साधं आहे. चेहऱ्याला यातून मोठा धोका दिसत नाही, वासाच्या द्रव्याने कुणाला पुरळ आलं तर तेवढंच. म्हणून आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघावं. फायदा ग्लिसरीनचा आणि किंमत सफरचंदाची. ज्याला परवडतं त्याने खुशाल लावावं, पण भाचीने त्याची शिफारस करू नये.

एवढ्यावर स्टेम सेलला भोंदूगिरी म्हणून मोडीत काढलं तर मात्र अन्याय होईल. माणसाच्या मूळपेशींचं वचन खरं आहे, आणि त्वचेच्या बाबतीत तर ते सर्वात आधी खरं ठरलं. आपल्या बाह्यत्वचेच्या तळाशी आणि केसांच्या मुळांपाशी मूळपेशी असतात. त्या आयुष्यभर नव्या पेशी घडवत राहतात, म्हणूनच वरची कातडी महिना-दीड महिन्यात नवी होते. १९७५ साली अमेरिकेत जेम्स राइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी माणसाच्या त्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून दाखवल्या. १९८३ साली पंच्याण्णव टक्क्यांहून जास्त भाजलेल्या दोन लहान भावांना बॉस्टनमध्ये त्यांच्याच उरलेल्या टिचभर कातडीतून वाढवलेली त्वचा बसवली गेली, आणि दोघे वाचले. जळिताच्या वॉर्डात एकदा जरी कुणाची शुश्रूषा केली असेल, तरी या वाक्याचं मोल कळेल.

त्याहून पुढची गोष्ट २०१७ साली प्रसिद्ध झाली. जर्मनीत आश्रयाला आलेल्या सीरियन कुटुंबातला सात वर्षांचा मुलगा. जन्मजात दोषामुळे त्याची कातडी हात लावला तरी फोड येऊन सुटायची. इटलीच्या मिकेले दे लुका यांच्या गटाने त्याच्या पेशी घेतल्या, त्यांतला बिघडलेला जनुक दुरुस्त केला, त्यांची त्वचा वाढवली आणि बोखुमच्या डॉक्टरांनी त्याच्या अंगाचा सुमारे ऐंशी टक्के भाग तिने मढवला. पुढे तपासल्यावर दिसलं, की ही सगळी नवी कातडी मोजक्याच दीर्घायुषी मूळपेशी तोलून धरत होत्या. मुलगा शाळेत जाऊ लागला.

आपल्याकडेही मूळपेशींचा उपचार नवा नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ साली अस्थिमज्जेचं रोपण झालं, तो रक्ताच्या मूळपेशींचाच उपचार. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद संस्थेत चुन्याने, आम्लाने जळलेल्या डोळ्यांवर बुबुळाच्या कडेच्या मूळपेशी लावून दृष्टी परत आणली जाते. बेंगळुरूच्या स्टेम्प्युटिक्स कंपनीचं स्टेम्प्युसेल हे बिडी-सिगरेट ओढणाऱ्यांच्या पायाच्या रक्तवाहिन्या बंद करणाऱ्या बर्गर रोगावरचं औषध, त्याला औषध नियंत्रकांनी परवानगी दिली आहे. आणि कोडाच्या पांढऱ्या डागांवर मांडीच्या पातळ कातडीतल्या रंगपेशी सुट्या करून पसरवण्याची शस्त्रक्रिया आपले त्वचाविकारतज्ज्ञ कधीपासून करतात. डाग वर्षभर वाढलेला नसला तर ती अनेकांना लागू पडते. आपल्या समाजात कोड असलेल्या मुलीच्या वाट्याला काय येतं ते ठाऊक असणाऱ्यांना ही बातमी सुरकुत्यांपेक्षा मोठी वाटावी.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. पेशी जिवंत, बहुतेक वेळा रोग्याच्या स्वतःच्या, आणि काम रुग्णालयात, नोंदी ठेवून. क्रीमवाल्यांनी यातलं फक्त नाव उचललं.

आणि आता भीतीची बाब. एजंटाकडे दुसरा कागदही होता: चेहऱ्यावर बारीक सुया फिरवायच्या आणि वर 'एक्सोसोम' चोळायचं. पार्लरमध्येच करता येईल, मशीन आम्ही देऊ, दोन तासांचं ट्रेनिंग देऊ. एक्सोसोम म्हणजे पेशींनी बाहेर टाकलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या. त्यांत प्रथिनं आणि निरोप पोचवणारे रेणू असतात. संशोधनाच्या दृष्टीने विषय फार रंजक आहे. पण त्या कुणाच्या पेशींपासून काढल्या, त्या माणसाची तपासणी झाली होती का, दोन बाटल्यांत माल सारखाच आहे का, हे विचारल्यावर एजंट फोनवर साहेबांना शोधू लागला, असं भाची सांगते. अमेरिकेच्या एफडीएने २०१९ च्या डिसेंबरात एक्सोसोमबद्दल जाहीर इशारा दिला, तो नेब्रास्कात असे उपचार घेतलेल्या लोकांना गंभीर त्रास झाल्यावर. युरोपीय संघात तर माणसाच्या पेशी किंवा त्यांपासून काढलेले पदार्थ सौंदर्यप्रसाधनात घालायलाच बंदी आहे.

क्रीम वरच्या थरावर अडतं ही आपली सुरक्षितता असते. सुईने तो पहारा मोडला, की आत काय गेलं याची जबाबदारी कुणाचीच नाही. न्यू मेक्सिकोत अल्बुकर्कीच्या एका स्पामध्ये स्वतःचंच रक्त चेहऱ्यावर टोचून घेणाऱ्या बायकांना एचआयव्हीची लागण झाली. २०१८ साली तो स्पा बंद झाला, आणि सरकारी तपासात बोट गेलं ते सुया आणि रक्ताच्या नळ्यांच्या गलथान वापराकडे. कॅलिफोर्नियातल्या एका बाईने पोटाच्या चरबीतल्या मूळपेशी डोळ्यांभोवती टोचून घेतल्या. काही महिन्यांनी पापणी उघडताना कळ येऊ लागली आणि आत काहीतरी कटकट वाजायला लागलं. डॉक्टरांनी पापणी उघडून हाडाचे बारीक तुकडे बाहेर काढले. पेशींबरोबर सुरकुती भरायला कॅल्शियमचा पदार्थ टोचला होता. हाड घडवू शकणाऱ्या पेशींना त्याने हाडच घडवायला लावलं असावं. फ्लोरिडात तिघींच्या दोन्ही डोळ्यांत अशा पेशी टोचल्या आणि त्यांची नजर गेली, हे २०१७ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. जी पेशी हवं ते होऊ शकते ती नको तेही होऊ शकते. तिच्यातली ताकद आणि धोका वेगळे करता येत नाहीत, आणि कुणी करून दाखवतो म्हणाला तर त्याला पुरावा मागावा.

आपल्या देशातला नियम यात स्पष्ट आहे. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही रोगांसाठी होणारं रोपण सोडलं तर मूळपेशींचा कुठलाही उपचार रोजचा उपचार म्हणून देता येत नाही. द्यायचा तर नोंदवलेल्या चाचणीत, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. २०१९ च्या नियमांनी मूळपेशींपासून बनवलेल्या औषधी मालाला 'नवीन औषध' ठरवलं, म्हणजे त्याला केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी हवी, जशी स्टेम्प्युसेलला मिळाली. सौंदर्यप्रसाधनाचा परवाना घेतलेली बाटली टोचायला वापरता येत नाही. त्यामुळे 'आमच्याकडे स्टेम सेलने तारुण्य, तीन सिटिंगचे पन्नास हजार' असं कुणी म्हणालं, तर चाचणीचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक विचारावा. क्रमांक खरा असेल तर पैसे कसले, आणि पैसे घेत असतील तर चाचणी कुठली?

भाचीला मी म्हटलं, "सुई तुझ्या पार्लरमध्ये येऊ द्यायची नाही. लायसन्स तुझं जाईल ते जाईल, पण कुणाच्या पोरीचा चेहरा गेला तर या गावात राहायचं कसं?"

खरं तर स्टेम सेलपेक्षा मला पार्लरमधल्या बिनलेबलाच्या डब्यांची धास्ती जास्त वाटते. आमच्या प्रयोगशाळेत गाजराची चकती निर्जंतुक करायला मर्क्युरिक क्लोराइड वापरत, पाण्यात हजारात एक भाग. ते हातमोजे घालून घ्यायचं, कपाटाला कुलूप, आणि उरलेलं पाणी बेसिनमध्ये ओतायचं नाही. पारा असा पदार्थ आहे. गोरं करणाऱ्या क्रीममध्ये तोच पारा सापडतो, कारण तो त्वचेचा रंग बनवणं थांबवतो. नियमाने अशा क्रीममध्ये तो दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त असता कामा नये. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कारण शोधलं तेव्हा बोट गेलं ते चेहऱ्याच्या क्रीमवर, आणि त्यात पारा निघाला. २०२३ साली ही बातमी आली होती. दुसरी बाधा स्टेरॉइडची. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली ट्यूब महिनाभर लावली की चेहरा उजळतो, मग लाल होतो, पातळ होतो, केस येतात, आणि बंद केली की आग होते. २०१८ साली सरकारने असली चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीवरच विकायची, असं ठरवलं. दुकानात काय चालतं ते आपण जाणतोच.

बायका पुढे विचारतात, "मग लावायचं काय?" ऑस्ट्रेलियात नंबूर गावी नऊशे तीन लोकांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला, रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा इतरांच्या मानाने चोवीस टक्क्यांनी कमी जून झाली. सुरकुत्यांवर ट्रेटिनॉइन या मलमाचा पुरावा चाळीसेक वर्षांचा आहे, तेही डॉक्टरांच्या चिठ्ठीने आणि गरोदरपणी अजिबात नाही. दोन्ही मिळून त्या निळ्या बाटलीच्या पाव किमतीत बसतात. सीरम लावण्यापेक्षा दुपारी हुबळीच्या उन्हात छत्री उघडणं जास्त फायद्याचं. पण छत्रीवर कमिशन मिळत नाही.

भाचीने सीरम ठेवलं नाही. तिच्याकडे आता भिंतीवर एक कागद आहे, मराठीत आणि कन्नडमध्ये. इथे कुठल्याही क्रीमची डबी गिऱ्हाइकासमोर उघडली जाईल. तिच्यावर बनवणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, घटक आणि मुदत नसेल तर ती वापरली जाणार नाही. आणि सुई टोचली जाणार नाही. खाली एक नंबर आहे. क्रीम, इंजेक्शन किंवा औषधाने त्रास झाला तर तो घरच्या घरी सोसत बसू नका. डबी फेकू नका, ती आणि बिल घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, आणि केंद्र सरकारच्या औषध-दुष्परिणाम नोंदणीच्या १८००-१८०-३०२४ या मोफत नंबरवर कळवा.